विनोद हाताला लागतो का?

'साउथ पार्क: स्नो डे!' या गेममध्ये पैसा म्हणजे टॉयलेट पेपर. बर्फाच्या वादळाने गाव ठप्प झालंय, शाळेला सुट्टी आहे, टॉयलेट पेपरला सोन्याचा भाव आलाय आणि पोरं बर्फ तुडवत त्याचे रोल गोळा करत हिंडतायत. कल्पना झकास आहे. सुरुवातीचे रोल उचलताना मी मनापासून हसलो. पुढच्या टप्प्यात मात्र रोल म्हणजे नुसते रोल उरले. कुठल्याही गेममध्ये नाणी असतात तसे. दिसला की उचलायचा, कोपऱ्यातला आकडा वाढला की पुढे जायचं.

या गेमबद्दलची माझी तक्रार खरं तर एवढीच आहे. पण ती नीट मांडायला हवी, कारण टीव्हीवरच्या विनोदी कार्टूनचा गेम निघाला की पहिल्या दिवशी पैसे मोजणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. मी गेमविषयी मराठीत लिहितो, त्यामुळे "घ्यावा का रे?" असे निरोप माझ्याकडे येतच असतात. त्या सगळ्यांना एकदाच काय ते सांगून टाकतो.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन या दोघांची 'साउथ पार्क' ऑगस्ट १९९७ पासून अमेरिकेत कॉमेडी सेंट्रलवर चालू आहे. कोलोरॅडोमधलं एक बर्फाळ गाव, स्टॅन, काइल, कार्टमन आणि केनी ही चार शाळकरी पोरं, कागद कापून चिकटवल्यासारखी चपटी चित्रं आणि तोंडात शिव्यांचा पट्टा. देव, धर्म, पुढारी, नटनट्या, कुणाचीच गय नाही. या मालिकेवर २०१४ आणि २०१७ मध्ये दोन फार चांगले गेम आले होते, म्हणून २६ मार्च २०२४ ला 'स्नो डे' आला तेव्हा आमच्या चौकडीने आधीच रात्र राखून ठेवली होती. हो, चौकडी. हा गेम चौघांनी इंटरनेटवरून एकत्र खेळायचा आहे. प्रकाशक टीएचक्यू नॉर्डिक, बनवणारा 'क्वेश्चन' नावाचा स्टुडिओ, अमेरिकेत किंमत तीस डॉलर. आधीचा २०१४ चा गेम आला तेव्हा साठ डॉलरला होता. म्हणजे कुणी फसवलं, असं म्हणायची सोय नाही. लहान गेम, लहान किंमत, सगळं उघड.

खेळायचं काय? आपण गावात नवीन आलेला मुका मुलगा. एक हत्यार निवडायचं, म्हणजे तलवार-ढाल, कुऱ्हाड किंवा खंजीर. सोबत लांबून मारायला धनुष्य किंवा जादूची काठी. बर्फाने भरलेल्या गल्लीत शिरायचं. एक चौक येतो, दारं बंद होतात, शत्रूची पोरं लाटेलाटेने अंगावर येतात. ती संपली की दार उघडतं. मग जिमी नावाच्या पोराकडून कार्ड घ्यायचं, त्याने आपली एखादी ताकद वाढते. पुढचा चौक, पुन्हा पोरं. शेवटी एखादा मोठा गडी. असे पाच अध्याय. या पाच अध्यायांत जे घडतं ते पहिल्या अध्यायातच घडून जातं, उरलेल्या चारांत फक्त भिंतींचा रंग आणि समोरचा गडी बदलतो. मारामारीला वजन नाही. तलवार लागली की नाही हे डोळ्यांना कळतं, बोटांना कळत नाही. कॅमेरा कोपऱ्यात अडकतो तेव्हा चौघांपैकी कोण कुठे आहे हेही कळत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. यात 'बुलशिट कार्ड' नावाचा एक प्रकार आहे. हाताबाहेरची ताकद देणारं, मोजक्या वेळा वापरता येणारं कार्ड. गंमत अशी की ते शत्रूकडेही असतं. आपण जिंकायला आलो की समोरचा पोरगा कार्ड काढतो आणि सगळं उलटतं. हा शंभर नंबरी रडीचा डाव आहे. गल्लीत क्रिकेट खेळलेल्या कुणालाही तो ओळखू येईल: त्रिफळा उडाला की "ट्राय बॉल होता", पकडला गेला की "टाइम प्लीज". पोरांच्या खेळात नियम ज्याची बॅट त्याच्या बाजूने वाकतात, हे या एका कार्डात फार नेमकं पकडलंय. तिथे आम्ही चौघेही खऱ्या अर्थाने ओरडलो, भांडलो, हसलो. आणि तिथे कुणीही कुणाला विनोद ऐकवत नव्हतं. विनोद आमच्या हातून घडत होता.

बाकी सगळीकडे तो ऐकवला जात होता. कार्टमन बोलतो, केनी पुटपुटतो, काइल चिडतो, आवाज अस्सल पार्कर-स्टोनचेच. पण चौघे मित्र कानाला हेडफोन लावून एकत्र खेळतात तेव्हा ते आपापसात बोलतात. "डावीकडे बघ", "मला उचल रे", "अरे तो बॉस आला". या गलक्यात गेममधल्या पात्रांचं एक वाक्य धड ऐकू येईल तर शपथ. ज्या मालिकेचा जीव बोलण्यात आहे, तिच्यावर असा गेम केला जिथे कुणी ऐकूच शकत नाही. आमच्यातला एकजण नंतर म्हणाला, त्या रात्रीचे सगळे चांगले विनोद आपणच केले, गेमने नाही. दुसरं असं की मालिकेतलं विषारी दात असलेलं बोलणं इथे बरंच बोथट झालंय. 'साउथ पार्क' बघून कुणाला तरी राग यायला हवा. हा गेम कुणालाच राग आणत नाही.

आता कारणाकडे वळतो, कारण ते एकदा कळलं की पुढचा कुठलाही गेम पारखता येतो.

विनोदाचं निम्मं काम वेळ साधण्यात असतं. पु. लं.च्या कथाकथनाच्या कॅसेटी ज्यांच्या घरी होत्या त्यांना हे सांगायला नको. पुढचं वाक्य पाठ असतं, तरी ते यायच्या आधीची ती अर्ध्या सेकंदाची शांतता आली की हसू फुटतंच. ती शांतता त्यांच्या ताब्यात असते. गेममध्ये वेळ खेळणाऱ्याच्या ताब्यात जाते. लेखकाने वाक्य लिहिलं, नटाने झोकात म्हटलं, पण ते वाजतं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रोल शोधतोय. किंवा मी तिथे पोचायला उशीर केलाय. किंवा त्या लढाईत हरून मी पुन्हा तिथेच आलोय आणि तेच वाक्य पुन्हा वाजतंय. मालिकेचा भाग बावीस मिनिटांत आटोपतो, त्यात एक विनोद एकदाच येतो आणि निघून जातो. गेमला तासांची पोकळी भरायची असते. मग पात्रं तीच चार वाक्यं आलटून पालटून म्हणत राहतात. चांगलं वाक्य असं घासून घासून वाईट होतं. वाईट वाक्याचं काय होतं ते सांगायला नको.

'साउथ पार्क'च्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. ही मालिका ताज्या बातमीवर जगते. एक भाग साधारण सहा दिवसांत तयार होतो. २०११ मध्ये त्यावर 'सिक्स डेज टू एअर' नावाचा माहितीपटच निघाला. गुरुवारी ज्या गोष्टीवर चर्चा चालू आहे ती पुढच्या बुधवारी पडद्यावर. गेम बनवायला वर्षं लागतात. टॉयलेट पेपरचा विनोद २०२० सालच्या टंचाईवरचा आहे. मालिकेने त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी महासाथीवर विशेष भाग करून टाकला होता. गेम येईपर्यंत २०२४ उजाडलं, लोक ते विसरूनही गेले. (आपल्याकडे तर त्या काळात टॉयलेट पेपरसाठी कुणी रांगा लावल्याच नाहीत. मे महिन्यात वाइन शॉपसमोर लागल्या त्या रांगा आठवतायत अजून.) ताज्या बातमीवरचा विनोद गेममध्ये टाकणाऱ्याने तो शिळा झाल्यावरही पोट भरेल अशी काहीतरी सोय करायला हवी.

ती सोय कशी होते हे याच मालिकेच्या गेमांत बघायला मिळतं, म्हणून थोडा इतिहास.

पहिला 'साउथ पार्क' गेम १९९८ च्या डिसेंबरमध्ये निन्टेंडो ६४ वर आला. मालिका सुरू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं. लोखंड गरम होतं, अक्लेम कंपनीने हातोडा मारला. त्यांच्याकडे 'टुरोक २' या डायनासोर मारण्याच्या गेमचं इंजिन तयार होतं. त्यातच ही पोरं उतरवली. डोळ्यांसमोर हत्यार धरून बर्फात फिरायचं आणि टर्कींच्या कळपांवर बर्फाचे गोळे फेकायचे. गोळ्यावर लघवी केली की तो जास्त लागतो, हा त्यातला मुख्य विनोद. पुढे गायी फेकणारी तोफही मिळते. हे ऐकताना गमतीचं वाटतं. खेळताना दूरवर धुकं, समोर टर्की, पुन्हा टर्की, पुन्हा धुकं. चपटी चित्रं थ्रीडी केल्यामुळे पोरांची डोकी फुग्यासारखी गोल झाली होती. चपटेपणा हाच या मालिकेच्या चेहऱ्याचा अर्धा विनोद होता आणि तो पहिल्याच फटक्यात गेला. आवाज त्या गेममध्येही मूळचेच होते, हे लक्षात ठेवा.

मग पार्कर आणि स्टोन स्वतः उतरले. २००९ मध्ये त्यांनी ऑब्सिडियन या स्टुडिओशी बोलणी सुरू केली आणि एक अट घातली: गेम हुबेहूब मालिकेसारखा दिसला पाहिजे. मधल्या काळात त्यांचा प्रकाशक टीएचक्यू दिवाळखोरीत गेला, २०१३ च्या लिलावात गेम युबिसॉफ्टकडे आला, तारखा पुढे ढकलल्या गेल्या आणि अखेर मार्च २०१४ मध्ये 'द स्टिक ऑफ ट्रुथ' बाहेर पडला. सगळं चपटं. पात्रं मालिकेत उड्या मारत चालतात तशीच चालतात. लढाई आळीपाळीची, म्हणजे आपला डाव, मग समोरच्याचा. यात विनोदाला लागणारी शांतता आपोआप मिळते, कारण समोरचा बोलत असताना मला धावायचं नसतं.

त्यातली एक जागा मी सगळ्यांना सांगतो. गेमच्या सुरुवातीला कार्टमन तुमचं नाव विचारतो. तुम्ही कीबोर्डवर आपलं नाव टाइप करता. कार्टमन गंभीरपणे सांगतो की तुम्ही 'डूशबॅग' असं नाव टाकलंय. पुन्हा टाइप करा, वेगळं टाइप करा, काहीही करा, तुमचं नाव तेच. प्रत्येक गेममध्ये नाव विचारायची एक पाटी येते, आपण ती न वाचता भरतो. त्या सवयीलाच त्यांनी पाय अडकवला. हा विनोद टीव्हीवर करता येणार नाही, तो फक्त गेममध्येच होतो.

२०१७ च्या 'द फ्रॅक्चर्ड बट होल'मध्ये अशा जागा अजून आहेत. रस्त्याच्या मधोमध पोरांची महायुद्धं चालू असतात आणि कुणीतरी ओरडतं, "गाडी!" सगळे योद्धे निमूटपणे बाजूला होतात, गाडी जाते, युद्ध पुन्हा सुरू. सोसायटीच्या आवारात खेळलेल्या माणसाला यापेक्षा खरं काय वाटेल? आणि सुरुवातीला गेम सोपा हवा की कठीण हे ठरवायला एक पट्टी येते, ती कठीणकडे सरकवली की तुमच्या पात्राचा रंग काळा होत जातो. कार्टमन म्हणतो, याने लढाईत काही फरक पडणार नाही, बाकी आयुष्यात मात्र पडेल. अमेरिकेतल्या वर्णभेदावर लांबलचक निबंध लिहिणाऱ्यांना जे जमत नाही ते एका सरकपट्टीने केलं. ती पट्टी मी स्वतःच्या बोटाने सरकवली होती, म्हणून ती अजून टोचते.

आता 'स्नो डे'कडे बघा. पुन्हा थ्रीडी. पुन्हा बर्फ. पुन्हा गोल डोकी. १९९८ पासून २०२४ पर्यंत फिरून गाडी जवळजवळ त्याच फलाटावर.

दुसऱ्या मालिकांची गत फार वेगळी नाही. 'द सिम्पसन्स'वर तर इतके गेम आलेत की त्यातले वाईट कुठून मोजायचे हा प्रश्न पडावा. २००१ मध्ये प्लेस्टेशनवर कुस्तीचा आला, पुढच्या वर्षी प्लेस्टेशन २ वर स्केटबोर्डचा. त्या काळी टीव्हीवरची कुस्ती आणि स्केटबोर्ड यांचे गेम धो धो चालत होते, म्हणून होमरला लंगोट आणि बार्टला फळी. पात्रांना तिथे काही काम नव्हतं. पण २००३ चा 'हिट अँड रन' काढून बघा. व्हँकुव्हरच्या रॅडिकल एन्टरटेन्मेंटने केलेला. मालिकेच्याच लेखकांनी संहिता लिहिली, स्प्रिंगफील्ड गावच गाडीने हिंडायला दिलं, आणि मालिकेत वर्षानुवर्षं बघितलेली दुकानं कुठल्या वळणावर आहेत ते शोधत फिरणं हाच आनंद झाला. हाही उसन्या साच्यातलाच गेम होता, गाड्या पळवण्याचा. तरी साचा गावाला बसला.

'फॅमिली गाय'चं उदाहरण मात्र जरा थांबून बघण्यासारखं आहे. २००९ मध्ये या मालिकेचा एक भाग गाजला. त्यात ब्रायन हा कुत्रा आणि स्ट्यूई हे तान्हं पोर एका यंत्राने वेगवेगळ्या विश्वांत जातात. बरीचशी विश्वं काही सेकंदांत येतात आणि जातात. ते विश्व बघून पुरतं हसायच्या आत पुढचं. वेग हाच त्या भागाचा सगळा मसाला. २०१२ मध्ये त्याच कल्पनेवर 'बॅक टू द मल्टिव्हर्स' नावाचा गेम निघाला. आता एका विश्वात एक अख्खा टप्पा, बंदूक घेऊन शत्रूंना टिपत राहायचं. जो विनोद सेकंदांचा होता त्याला तिथे तासभर उभं केलं. पेन्सिलीच्या रेघेवर घर बांधल्यासारखं.

तेव्हा आता कुणी "घ्यावा का?" विचारलं की मी उलट विचारतो: त्या गेममधली एखादी गंमत तू मला अशी सांगू शकतोस का, जी खेळणाऱ्याने काही केल्याशिवाय घडतच नाही? एक जरी सापडली तरी पुढे बोलू. सगळ्या गमती "कार्टमन असं म्हणतो" या पठडीतल्या असतील तर मालिकाच बघ, स्वस्त पडेल.

ट्रेलरवर जाऊ नका. विनोदी गेमच्या ट्रेलरमध्ये गेममधले सगळे चांगले विनोद असतात, बऱ्याचदा तेवढेच असतात. त्याऐवजी कुणीतरी खेळताना केलेलं लांब चित्रीकरण शोधा आणि मधूनच, तासाभराच्या पुढे कुठेतरी उघडा. आवाज बंद करा. आवाजाशिवाय ते बघावंसं वाटतंय का? आवाज बंद केल्यावर 'स्नो डे' म्हणजे बर्फातली ओळखीची मारामारी उरते. 'स्टिक ऑफ ट्रुथ' आवाजाशिवायही मजेशीर दिसतो. ही परीक्षा मला अजून दगा देऊन गेलेली नाही.

"मूळ कलाकारांचे आवाज" ही ओळ खोक्यावर मोठ्या अक्षरांत असते, तिला भाव देऊ नका. वर सांगितलेल्या फसलेल्या गेमांतही मूळ आवाज होते. त्यापेक्षा लिहिलंय कुणी ते बघा. मालिकेच्या लेखकांनी गेम घडवण्यात हात घातला असेल तर आशा आहे. कुणी मालिकेचे चेहरे भाड्याने घेऊन आपल्याकडच्या तयार साच्यात ओतले असतील तर नाही. साचा ओळखणं अवघड नाही. त्या काळात काय खपतंय ते आठवायचं. १९९८ मध्ये डोळ्यांपुढे बंदूक धरून फिरण्याचे गेम, २००१ मध्ये कुस्ती, आणि गेल्या काही वर्षांत कार्डं घेत घेत चौघांनी लाटा परतवण्याचे.

चौघांचा गेम असेल तर उरलेले तिघे कोण, ते घेण्याआधी ठरवा. अनोळखी लोकांबरोबर असे गेम खेळता येतात, पण विनोदी गेम अनोळख्यांबरोबर खेळणं म्हणजे परक्याच्या लग्नात जेवणं. आणि तिघे मित्र आठवडाभर जमतील असं समजू नका. आमचा एक गडी दुसऱ्या रात्रीच झोपायला गेला, त्याला सकाळी मुलीला शाळेत सोडायचं होतं. एकट्याला खेळायचं असेल तर संगणकाची पोरं सोबतीला येतात. ती लढतात बरी, भांडत मात्र नाहीत.

संगणकासाठीच्या 'स्टीम' या ऑनलाइन दुकानातून घेतलात तर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि खेळण्याची वेळ दोन तासांच्या आत असेल तर पैसे परत मागता येतात. हे पुष्कळांना माहीत असतं, पण ते दोन तास कसे वापरायचे ते माहीत नसतं. गेम उघडा ठेवून चहा करायला गेलात तरी घड्याळ चालू राहतं. पात्राला टोप्या आणि मिशा लावण्यात अर्धा तास घालवू नका. सुरुवातीच्या शिकवणीतून लवकर बाहेर पडा आणि दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचाच. पहिला टप्पा सगळे मन लावून बनवतात. बनवणाऱ्यांकडे अजून काय शिल्लक आहे ते दुसऱ्यात कळतं. प्लेस्टेशनच्या दुकानात ही सवलत नाही, तिथे डाउनलोड सुरू केलं की परतीचा रस्ता सहसा बंद. तेव्हा दोन्हीकडे मिळत असेल तर परीक्षेसाठी संगणक बरा.

सगळ्यात जास्त काळजी मला आईवडिलांची वाटते. आमच्या इमारतीतल्या एका वहिनींनी मध्यंतरी जिन्यात थांबवलं. "अहो, तुम्ही ते गेमचं लिहिता ना? आमच्या ओमला ते बर्फातलं कार्टूनचं हवंय. मारामारीचं नाहीये ना? कार्टूनच आहे, म्हणून म्हटलं घेऊन टाकावं." ओम सातवीत आहे. मी म्हटलं, "वहिनी, ते कार्टून मोठ्या माणसांचं आहे. तुम्ही आधी एकटीने दहा मिनिटं बघा, मग ठरवा." त्यांनी बघितलं असावं, कारण नंतर जिन्यात भेटल्या तेव्हा विषय निघाला नाही. 'साउथ पार्क'च्या या गेमांवर अमेरिकेत सतरा वर्षांवरचा शिक्का आहे. आपल्याकडे चित्र काढलेलं असलं की ते पोरांचं, ही समजूत घट्ट आहे, आणि ऑनलाइन दुकानात तो वयाचा शिक्का पान खाली सरकवल्याशिवाय दिसत नाही.

लहान मुलांसाठीच्या विनोदी कार्टूनवर, 'मोटू पतलू'सारख्यांवर, मोबाइलचे गेम असतात, त्यांचा धोका वेगळा. ते फुकट असतात. धावायचं, उड्या मारायच्या, नाणी गोळा करायची. पात्र बदललं तरी रस्ता तोच. त्यात विनोद शोधायला जाऊ नका. मधल्या जाहिराती आणि खरेदीचं बटण बघा, आणि फोनवर खरेदीला पासवर्ड लावून ठेवा.

आता थोडं त्यांच्यासाठी, ज्यांना असल्या गेमचं परीक्षण लिहायचंय. अलीकडे बरेच तरुण लिहितात, बोलतात, चांगलं करतात. एक खोड मात्र दिसते. मालिकेचा चाहता लिहायला बसला की त्याचा राग वाक्यावाक्यात उतरतो: "आमच्या बालपणाची वाट लावली" वगैरे. बालपणाला काही झालेलं नसतं. वाचणाऱ्याला हवं असतं ते एवढंच, की संध्याकाळी घरी येऊन हा लावला तर माझे हात काय करणार, किती वेळ करणार, आणि त्यात मला कुठे हसू येणार. 'विनोद फसले' असं लिहू नका. कुठला विनोद, कुठल्या जागी, कितव्यांदा ऐकल्यावर फसला ते लिहा. मालिका न पाहिलेल्या एखाद्याला शेजारी बसवून खेळायला द्या. तो जिथे हसतो ती जागा गेमची, बाकीचं हसू तुमच्या आठवणीतलं. माझ्या बायकोने 'साउथ पार्क'चा एकही भाग पूर्ण पाहिलेला नाही. 'स्नो डे' खेळताना ती एकदाच हसली, बुलशिट कार्डाला.

गेम अडकतो, पात्र भिंतीत घुसतं, जोडणी तुटते, या तक्रारी वेगळ्या लिहा. त्या पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होतात आणि परीक्षण जुनं पडतं. पाच अध्यायांत एकच गोष्ट पाच वेळा करायला लावणं कुठल्या अपडेटने जात नाही. आणि कुणाबरोबर खेळलात ते आवर्जून लिहा. चार जिवलग मित्र एकत्र बसले तर दूरदर्शनवरच्या हवामानाच्या बातम्यांनाही हसतात. त्याचं श्रेय गेमला देऊ नका.

'स्नो डे' तरीही घ्यायचाच असेल तर सेल लागू दे. तिघे मित्र पक्के करा, एक रात्र ठरवा, गेममधले आवाज कमी करून एकमेकांचे वाढवा आणि कार्डं हातात येतील तशी वापरून भांडा. आणि यातला कुठलाच गेम आजवर खेळला नसाल तर 'स्टिक ऑफ ट्रुथ'पासून सुरुवात करा, एकट्याने, हेडफोन लावून.